वाजलेले आणि उरलेले

काल, २४ डिसेंबर २०२४ रोजी, मोहम्मद रफी यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. आज बुधवार, सरत्या वर्षातला शेवटचा. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत रेडिओ ऐकला, त्यांना डिसेंबरअखेरच्या बुधवारचे महत्त्व सांगावे लागत नाही. रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागे आणि वर्ष संपताना तिचा वार्षिक कार्यक्रम होई. वर्षभरातली गाणी एकेक पायदान चढत ‘सरताज गीता’पाशी पोचत. त्या दिवशी जेवणे लवकर उरकत. कोणी तरी वही-पेन्सिल घेऊन रेडिओच्या अगदी शेजारी बसे, कारण लघुलहरींवरचा आवाज मधेच दूर जाई, खरखरीत बुडे आणि पुन्हा वर येई. त्या खरखरीतून गाण्याचे, चित्रपटाचे, गायकाचे नाव टिपून घ्यायचे हे घरातले मानाचे काम असे.

त्या पायऱ्यांवरून श्रोत्यांना बोट धरून नेणारे अमीन सयानी यंदा २० फेब्रुवारीला, वयाच्या ९१व्या वर्षी गेले. त्यांच्याविना सरणारे हे पहिलेच वर्ष. म्हणूनच वर्षाची आवडती गाणी निवडण्याच्या त्या जुन्या रिवाजाबद्दल आज लिहावेसे वाटते. यादी करणे हा वरवर पाहता फावल्या वेळेचा उद्योग. पण आपण वर्षभर काय ऐकले, त्यातले काय आपल्यापाशी थांबले, हे स्वतःला विचारण्याची ती एक प्रामाणिक रीत आहे. ती रीत हातची जाऊ नये, एवढेच आज मांडायचे आहे.

‘गीतमाला’ ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झाली ती एका पोकळीत. त्याच वर्षी माहिती व नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे. शास्त्रीय संगीताची त्यांना खरी तळमळ होती. आकाशवाणीवरचा ‘नॅशनल प्रोग्रॅम ऑफ म्युझिक’ आणि संगीत संमेलने त्यांच्याच काळात उभी राहिली. चित्रपटसंगीताने देशाची अभिरुची बिघडेल, ही मात्र त्यांना धास्ती होती. त्यात गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असा आकाशवाणीचा आक्षेप आल्याने निर्मात्यांशी बिनसले आणि आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळपास बंदच झाली. श्रोते गाण्यांच्या मागे समुद्रापलीकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात उभारलेली शक्तिशाली प्रक्षेपण यंत्रणा कोलंबोत होती, तिथून आवाज भारतभर पोचत असे. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला कार्यक्रम विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून लहरींवर स्वार होऊन परत मुंबईत, नागपुरात, झुमरीतलैयात येई.

पुढच्याच वर्षी, १९५३ साली, पहिले सरताज गीत ठरले ते ‘अनारकली’तले. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, गीत राजेंद्र कृष्ण यांचे, आवाज लता मंगेशकरांचा. दरवाजा बंद करणारा मराठी माणूस आणि त्या बंद दरवाज्याबाहेर साऱ्या देशाला थांबवून ठेवणारी ही दोन मराठी माणसे एकाच काळातली. दोन्ही बाजूंना संगीताचे प्रेम होते. पण लोकांच्या कानावर विश्वास ठेवायचा की तो आधी घडवायचा, यावर त्यांची वाट वेगळी झाली. अखेर १९५७च्या ३ ऑक्टोबरला ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने लोकांच्या कानाला मान दिला.

सयानींना हा मान देणे घरातूनच मिळाले असावे. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवत. भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. पण छापली जाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. ज्याला जी वाचता येते त्याला ती मिळावी, हा त्यामागचा भाव. त्या घरात वाढलेल्या मुलाने पुढे श्रोत्यांना ‘बहनो और भाइयो’ अशी साद घातली, बहिणींना आधी मान देऊन. ती साद रेडिओच्या पेटीतून आलेली वाटत नसे, ओसरीवर येऊन बसलेल्या माणसाने घातल्यासारखी वाटे.

आरंभी ‘गीतमाले’त सात गाणी वाजत आणि ती श्रोत्यांनी क्रमाने लावायची असत. बरोबर उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांवर गेली, तेव्हा स्पर्धा आवरती घेऊन क्रमवारीचा कार्यक्रम सुरू झाला. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांचा कौल यांवर पायदान ठरू लागले. एक पोस्टकार्ड लिहायचे तर आधी गाणे मनात घोळवावे लागते, त्याचे नाव नीट आठवावे लागते, मग टपालपेटीपर्यंत चालत जावे लागते. त्या मोजणीत प्रत्येक मतामागे एवढी तरी पावले होती.

तरीही मोजणी चुकते. त्याचे एक उदाहरण फार बोलके आहे. १९५७ हे हिंदी चित्रपटगीतांचे भाग्याचे वर्ष. ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘मदर इंडिया’ हे सारे त्याच वर्षीचे. त्या वर्षीचे सरताज गीत मात्र निघाले ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक वळणाच्या चित्रपटातले. एस. एन. त्रिपाठींची चाल, रफी आणि लता यांचे स्वर, भरत व्यास यांचे शब्द. गाणे गोडच आहे. पण याच भरत व्यासांनी त्याच वर्षी आणखी एक गाणे लिहिले होते. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली ती प्रार्थना. कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे, आवाज लता मंगेशकरांचा. औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्या चित्रपटामागे होता. सरताज गीत आज जाणकारांच्या बैठकीत आठवले जाते. प्रार्थना मात्र पुढच्या कितीतरी पिढ्यांनी शाळेच्या पटांगणावर, हात जोडून, डोळे मिटून म्हटली. ती कोणत्या चित्रपटातली हे म्हणणाऱ्या अनेक मुलांना ठाऊकही नसते. एकाच कवीच्या एकाच वर्षाच्या दोन रचना, एक त्या वर्षात वाजली आणि एक उरली.

दुसरे उदाहरण मदनमोहन यांचे. त्यांचीही जन्मशताब्दी यंदाच, २५ जूनला झाली. गझल चित्रपटात कशी नांदवावी हे ज्यांनी दाखवले, त्या संगीतकाराच्या वाट्याला वर्षाचे सरताजपद हयातीत आले नाही. जुलै १९७५मध्ये ते गेले. १९७७ साली ‘लैला मजनू’तल्या त्यांच्या चालीवरच्या लताबाईंच्या गाण्याला ते मिळाले. पुढे २००४ मध्ये ‘वीर-झारा’साठी त्यांच्या पेटीत राहिलेल्या चाली बाहेर काढल्या गेल्या आणि जाऊन एकोणतीस वर्षे झालेल्या माणसाची गाणी त्या वर्षीच्या तरुणांच्या ओठांवर आली. गाण्याचा काळ आणि आपला काळ एकाच घड्याळावर चालत नाही, हे यादी करणाऱ्याने मनाशी बाळगावे.

आज यादी करायला वहीची गरज उरलेली नाही. डिसेंबर लागला की ॲप स्वतःच तुमच्या वर्षाची यादी करून देते. कोणते गाणे किती वेळा, कोणता गायक किती मिनिटे, सगळे रंगीत पाटीवर. ती पाटी खोटी नसते. पण प्रवासात झोप येऊ नये म्हणून लावलेले, व्यायामशाळेत कोणी तरी सुरू ठेवलेले, मुलाला जेवू घालताना दहा वेळा वाजवलेले आणि एका रात्री दिवा मालवून एकदाच ऐकलेले गाणे, ही सगळी तिच्या लेखी सारखीच. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवर फर्माईशीच्या कार्यक्रमाचे नाव होते ‘आपली आवड’. आवड हा शब्द त्या नावात विचार करून घातलेला दिसतो. आवड ही निवडीतून कळते आणि निवड म्हणजे कशाला तरी ‘हे नको, ते’ असे म्हणणे. ते म्हणण्याचे कष्ट यंत्रावर सोपवले की वर्षाच्या शेवटी आकडे हाती येतात आणि आवड हरवते.

म्हणून २०२४ची आमची यादी आम्ही वहीतच केली. ती छोटी आहे.

पहिले नाव ‘लापता लेडीज’मधल्या ‘सजनी’चे. संगीत राम संपत, गीत प्रशांत पांडे, आवाज अरिजीत सिंग. सजनी हा शब्द ठुमरीत आहे, भावगीतात आहे, आणि वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झाला होता की आता त्याला धार येणार नाही असे वाटे. किरण राव यांच्या चित्रपटात तो आला तो रेल्वेच्या डब्यात नवी नवरी हरवून बसलेल्या खेड्यातल्या तरुणासाठी. घुंगटामुळे त्याने चुकून दुसऱ्याच नवरीला गाडीतून उतरवून घरी आणले आहे. हरवलेल्या बायकोचा फोटो पोलिसांना दाखवतो, तर त्यातही तिचा चेहरा झाकलेला. जिचा चेहरा दाखवता येत नाही तिला हाक तेवढी मारता येते, आणि हे गाणे म्हणजे ती हाक आहे. याच चित्रपटातले श्रेया घोषाल यांनी गायलेले गीत स्वानंद किरकिरे यांचे. इंदूरच्या मराठी घरातला हा कवी हिंदी मातीत किती सहज रुजला आहे, हे त्यातून पुन्हा जाणवते.

दुसरे, ‘स्त्री २’मधले मधुबंती बागची यांचे नृत्यगीत. संगीत सचिन-जिगर, शब्द अमिताभ भट्टाचार्य. मांडवात, वरातीत ते इतके वाजले की निवडताना हात अडखळला. पण याच मधुबंतींनी याच वर्षी ‘हीरामंडी’ या मालिकेत ठुमरीच्या अंगाचे गाणे गायले आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. आवाज लावण्याची, शब्दाच्या टोकाला हलकेच वळण देण्याची तालीम तीच आहे. ज्याला आपण ‘नाचाचे गाणे’ म्हणून बाजूला सारतो त्यातही कोणाची तरी वर्षांची मेहनत उभी असते, हे या आवाजाने दाखवले.

तिसरे, ‘चंदू चॅम्पियन’मधले ‘सत्यानास’. संगीत प्रीतम यांचे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या आयुष्यावरच्या या चित्रपटातले रेल्वेच्या डब्यातले हे गाणे पुढच्या सगळ्या वेदनेच्या अलीकडचे आहे. तरुण पोरांचा धुडगूस आहे, अंगात मावेनाशी ताकद आहे. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असते, त्या पोराला नसते. म्हणून हे आनंदाचे गाणे ऐकताना घशाशी आवंढा येतो.

चौथे, ‘जिगरा’मधले ‘तेनू संग रखना’. अचिंत यांचे संगीत, वरुण ग्रोव्हर यांचे शब्द. बहिणीच्या भावावरच्या मायेचे गाणे राखीपौर्णिमेच्या ताटाबाहेर हिंदी चित्रपटात क्वचितच ऐकू येते. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधले राहुलदेव बर्मन यांचे बहीण-भावाचे गाणेही या चित्रपटाने पुन्हा घेतले आहे. जुन्या गाण्याची दोन ओळींची ओढ घेऊन तिच्यावर नवा ठेका चढवण्याची लाट यंदाही मोठी होती. त्या लाटेत हे उदाहरण वेगळे ठरते, कारण इथे जुने गाणे कथेच्या नात्यातून आले. आजीचा दागिना नातीने घालावा तसे. मोडीत काढून वितळवलेले सोने ते नव्हे.

उरलेली दोन्ही गाणी ‘अमरसिंग चमकीला’मधली. इम्तियाज अली यांचा चित्रपट, ए. आर. रहमान यांचे संगीत, इर्शाद कामिल यांचे शब्द. ८ मार्च १९८८ रोजी पंजाबातल्या मेहसमपूर गावात चमकीला आणि त्याची गायिका पत्नी अमरजोत यांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्याची गाणी अश्लील, असा एकीकडे ओरडा होता आणि दुसरीकडे तीच गाणी गावागावांत ऐकली जात होती. लोकांचा कान आणि लोकांच्या कानावर पहारा देणारे, हा केसकरांच्या काळातला प्रश्न इथे बंदुकीच्या नळीपर्यंत गेलेला दिसतो. ‘नरम कालजा’त रहमान-कामिल यांनी तो प्रश्न बायकांच्या तोंडी दिला आहे. आपल्या इच्छा त्या चारचौघींत, मोकळ्या गळ्याने बोलतात. अलका याज्ञिक, रिचा शर्मा, पूजा तिवारी आणि यशिका सिक्का असे चार वेगवेगळ्या जातीचे आवाज त्यात आहेत. त्यातल्या अलका याज्ञिक यांनी जूनमध्ये आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाल्याचे स्वतः जाहीर केले. तीन-चार दशके ज्या कानांनी सूर जोखला त्यांचाच आधार सुटावा, ही यंदाची जिवाला लागलेली बातमी. तेव्हापासून हे गाणे ऐकताना त्यांचा स्वर कानात अधिक जपून ठेवावासा वाटतो.

आणि आमचे सरताज गीत, ‘विदा करो’. अरिजीत सिंग आणि जोनिता गांधी यांनी गायलेले. ज्याला जगाने दोषी ठरवले तो वाद घालत नाही, निर्दोष असल्याची ग्वाही देत नाही. सगळा दोष पदरात घेऊन फक्त निरोप मागतो. रहमान यांनी या मागणीभोवती वाद्यांची गर्दी होऊ दिलेली नाही. निरोपाच्या वेळी घर जसे गप्प असते तसे हे गाणे आहे. वर्षभर ते पुन्हा पुन्हा आठवत राहिले याचे कारण वर्षातच आहे. जानेवारीत प्रभाताई अत्रे गेल्या. फेब्रुवारीत सयानी आणि आठवडाभरात पंकज उधास. नोव्हेंबरात छठच्या दिवसांतच शारदा सिन्हा. आणि अजून दोन आठवडेही झाले नाहीत, झाकीर हुसेन. प्रत्येक वेळी घरोघरी त्यांचीच गाणी, त्यांचाच तबला लागला. पण या सगळ्या निरोपांना मिळून एक सूर हवा होता, तो या गाण्याने दिला.

वहीत ही सहा नावे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. चित्रपट आणि गायक चटकन आठवत होते. गीतकारांची नावे शोधावी लागली. पूर्वी निवेदक प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे घेत. ‘विविध भारती’वर ती रीत आजही पाळली जाते. साहिर, शैलेंद्र, मजरूह ही नावे ज्यांनी त्यांची पुस्तके कधी हाती घेतली नाहीत अशा लाखो घरांत पोचली ती या रीतीमुळे. १९५२ साली भांडण झाले ते गाण्यासोबत नाव घ्यावे की नाही यावरून, हे आठवले की नावाचे मोल कळते. मोबाइलच्या पडद्यावर गाणे बोटाच्या एका टिचकीने समोर येते आणि ते कोणी लिहिले हे दोन पाने आत दडलेले राहते. जो श्रोता ते शोधून लिहून ठेवतो तो गाण्याचे देणे फेडतो. वाजवण्याचे पैसे कंपनी देईल-घेईल. नाव घेण्याचे ऋण मात्र श्रोत्याचेच आहे.

तेव्हा येत्या आठवड्यात, ३१ तारखेपर्यंत, प्रत्येकाने आपली यादी करावी. पाच गाण्यांची चालेल, तीनची चालेल. ॲपने दिलेली पाटी बाजूला ठेवून, आठवून करावी. जे आठवत नाही ते आपल्यापाशी उरलेले नाही असे समजावे. प्रत्येक गाण्यापुढे लिहिणारा, चाल बांधणारा, गाणारा यांची नावे घालावीत आणि ते का निवडले याची एक ओळ. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना त्यांचे एखादे जुने वर्ष विचारावे. कोणाच्या तरी ट्रंकेत पायदाने टिपलेली वही अजून असेल.

आणि यादीच्या खाली दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात. १९५७च्या डिसेंबरात ज्यांनी वही भरली त्यांना त्या प्रार्थनेचे पुढे काय होणार हे कळणे शक्य नव्हते. मदनमोहन यांच्या पेटीतल्या चालींना तर एकोणतीस वर्षे थांबावे लागले. यंदाच्या गर्दीतही असे एखादे गाणे आपल्या कानावरून निसटून गेले असेल. कधी तरी, दहा वर्षांनी, एखाद्या शाळेच्या पटांगणावरून किंवा शेजारच्या खिडकीतून ते ऐकू येईल आणि आपण थबकू. त्या दिवशी ही वही काढून त्या कोऱ्या ओळीवर त्याचे नाव लिहिता यावे.